ओटा फोडण्याआधी हे बघून घ्या

ताई, टाइल्सचा रंग नंतर ठरवा. आधी खडू घ्या आणि रिकाम्या फरशीवर ओटा, फ्रिज, सिंक खऱ्या मापात आखा. मग फ्रिजमधून भाजी काढून, धुऊन, चिरून फोडणीला टाकायची नुसती चाल करून बघा. कुठे अडखळता ते लगेच कळतं. सिंक आणि शेगडीच्या मधे निदान दोन-अडीच फूट मोकळा ओटा हवाच. चिरणं, मळणं, पोळ्या लाटणं सगळं तिथेच होतं.

उंची मिस्त्रीवर सोडू नका. रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या कोपरापासून चार-पाच इंच खाली ओटा आला की पाठ दुखत नाही. खोली 24 इंच पुरते.

आता आपल्या नागपूरचं. मे महिन्यात पारा 45च्या वर जातो, त्यामुळे शेगडी पश्चिमेच्या भिंतीला शक्यतो नकोच. कुलरचा झोत थेट बर्नरवर आला तर आच विझते आणि गॅस तसाच सुटत राहतो, म्हणून कुलरची खिडकी आधी ठरवा, शेगडी मग. घरी सावजी रस्सा होत असेल तर मसाला भाजतानाचा ठसका बाहेर काढणारी, पाइपवाली चिमणी घ्या. पाइप जितका सरळ आणि आखूड तितका बरा.

प्लग पॉइंट ओट्याच्या वर, सिंकपासून लांब. मिक्सर, ओव्हन, वॉटर प्युरिफायर मोजा आणि दोन जास्तीचे काढून ठेवा. ओव्हनला 16 अँपिअरचाच लागतो.