गच्चीवरच्या सीनबद्दल, आणि थोडं ज्यूडबद्दल

हाय गं,

तुझ्या कादंबरीचे तिन्ही चॅप्टर वाचले. आधी ते घरातलं बोलून टाकू. 'या वयात परीकथा कसल्या वाचतेस' असं बाबा म्हणाले म्हणून तू अख्खा मेल सॉरीच्या सुरात लिहिलायस, तसलं काही करू नकोस. 1994 ला दूरदर्शनवर चंद्रकांता लागायची तेव्हा तिलिस्म (जादूचे सापळे), ऐयार (वेष बदलणारे हेर) आणि तो 'यक्कू' करणारा क्रूरसिंह हे सगळं त्यांच्याच पिढीने डोळे फाडून बघितलंय, विचार त्यांना. आणि मूळ कादंबरी देवकीनंदन खत्रींची, 1888 ची, म्हणजे जादू, प्रेम आणि कटकारस्थान एकत्र घालून लोकांना रात्रभर जागवायचं हे काही रील्सवाल्या पोरांनी शोधून काढलेलं नाही.

आता तुझ्या लाडक्या द क्रूएल प्रिन्सकडे, म्हणजे होली ब्लॅकच्या कादंबरीकडे येते. पुस्तक हातातून सुटत नाही ते कार्डनमुळे, त्या परीलोकातल्या दुष्ट राजपुत्रामुळे, असं तू लिहिलंयस, मला नाही पटत. कार्डन नंतर. होली ब्लॅकने सुरुवातीलाच काय करून ठेवलंय बघ ना, रविवारची दुपार, पोरी टीव्हीसमोर फिश स्टिक्स खातायत, दारात लांब कोट घातलेला एक माणूस, आणि थोड्याच वेळात आईबाप दोघंही मेलेले. आणि तोच माणूस, मॅडॉक, पोरींना परीलोकात नेतो आणि पोटच्या मुलींसारखं वाढवतो, म्हणजे खरंच नीट वाढवतो, त्यातल्या ज्यूडला, म्हणजे नायिकेला, तलवार वगैरे शिकवतो. ज्याने आईबापाला मारलं त्याच्यावरच तिचा जीव आहे, आणि हे तिला स्वतःला सहन होत नाही. कार्डन यायच्या आधीच तू अडकलेली असतेस.

दुसरं म्हणजे तो नियम. तिथल्या लोकांना खोटं बोलता येत नाही, माणसांना येतं. बस, एवढंच. ज्यूडकडे जादू नाही, कुणीही तिला भुलवू शकतं म्हणून गळ्यात रोवन झाडाच्या वाळलेल्या बेरींची माळ घालायची, जेवणावर मीठ टाकायचं, पण ती खोटं बोलू शकते म्हणूनच प्रिन्स डेन, कार्डनचा भाऊ, तिला हेर म्हणून ठेवतो. आणि ज्यांना खोटं बोलता येत नाही ती मंडळी खऱ्याखऱ्या वाक्यांनी फसवण्यात इतकी तरबेज झालीयेत की प्रत्येक डायलॉग दोनदा वाचावा लागतो. बरं, एवढ्या सगळ्या कपटी लोकांत ज्यूडच्या सगळ्यात जिव्हारी काय लागतं? ज्यूडच्याच मागे असलेल्या लॉकशी टॅरिनचं जमलेलं, तिने गप्प राहून लपवलेलं प्रकरण. सख्खी जुळी बहीण! मला तर तो भाग लव्हस्टोरीपेक्षा भारी वाटला.

आणि तो कागद आठवतो? ज्यूड हेरगिरी करायला गेलीये, कार्डनच्या सामानात तिला एक कागद मिळतो आणि त्यावर तिचंच नाव, पुन्हा पुन्हा लिहिलेलं. तिला त्यात धोका दिसतो, आपल्याला वेगळंच काहीतरी दिसतं. कागद तोच आणि त्यात प्रेमही आलं, कारस्थानही आलं.

तुझ्याकडे नेमकं हेच होत नाहीये. दरबारात विष आहे, चोरलेला शिक्का आहे, पत्रं फोडणारा कारकून आहे (तो कारकून मस्त जमलाय, त्याला मारू नकोस), मग तिसऱ्या चॅप्टरला तुझी नायिका आणि राजपुत्र गच्चीवर जातात, चांदणं पडतं आणि कारस्थान सुट्टीवर जातं. दोन-चार पानं नुसतं डोळ्यांत बघणं चाललंय. ती तिथे काय काढून घ्यायला गेलीये, तो काय लपवतोय, काहीच नाही. आणि तुझ्या जादूने सगळंच होतं गं, दार उघडतं, जखम भरते, माणूस गायब होतो, मग तिचं अडणार कुठे?

कारस्थान चालतं कसं हे बघायचं असेल तर बारभाईंचं प्रकरण वाच. 1773 ला नारायणरावाचा खून झाला तेव्हा गंगाबाई गरोदर होती, तिला पुरंदरावर नेऊन ठेवली, मुलगा होतो की मुलगी यावर सगळा डाव, आणि 1774 च्या एप्रिलमध्ये सवाई माधवराव जन्मला. इतके महिने नाना फडणीस, सखारामबापू वगैरे मंडळींनी जे काही केलं ते सगळं एका न जन्मलेल्या पोराच्या भरवशावर. तलवारी कमी आणि वाट बघणं जास्त, तुझ्या दरबारात सगळं दोन दिवसांत उरकतं.

कार्डनबद्दल एकच सांगते, मग गप्प बसते. त्याची गँग तिच्या जेवणात माती उडवते, भुलवणारं फळ तिच्या तोंडात कोंबते, यात रोमँटिक काही नाही, रील्समध्ये मात्र फक्त मुकुट उरतो. पुस्तकात हे चालून जातं कारण ज्यूड हिशोब चुकता करते, शेवटी एक वर्ष आणि एक दिवस तो तिच्या हुकमात असतो. तरी मला कार्डन जरा स्वस्तात सुटल्यासारखा वाटला. तुझा राजपुत्र त्याच वळणावर चाललाय, पण तुझी नायिका अजून नुसतीच रडतेय, तिच्या हातात काहीतरी दे आधी.

तर गच्ची ठेव, चांदणं अर्धं काप, शिक्का त्याच्या अंगरख्यात असू दे आणि तिला ते माहीत असू दे. मिठी मारतानाच काढते की काढत नाही ते तू ठरव. नकाशा आणि राजघराण्याची वंशावळ यात इतक्यात वेळ घालवू नकोस, ते करताना लिहिल्यासारखं वाटतं पण लिहून काही होत नाही. दिवाळीच्या आत पाठव, नंतर मी गावाला जातेय आणि तिथे रेंज नसते.