पेटी येते, आता स्लोव्हेनियन लोकसंगीत शिकायचंय: पियानो अॅकॉर्डियन चालेल का बटणवाला घ्यावा?

तुम्ही विचारलंय की दहा वर्षं पेटी वाजवताय, घरात पियानो अॅकॉर्डियन आहे, त्याच्यावर स्लोव्हेनियाच्या आणि आल्प्सकडच्या पोल्का शिकता येतील का, आणि "बटणवाल्यात अर्धे सूरच नसतात असं ऐकलंय". हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवेना, कारण तेच वाक्य मी सांगलीला आमच्या घरात ऐकलंय.

आधी थोडक्यात सांगते. आव्सेनिक बंधूंची (स्लोव्हेनियाचा पोल्का वाजवणारा प्रसिद्ध ग्रुप) धाटणी हवी असेल तर आहे तोच ठेवा. स्लाव्को आव्सेनिक ग्रुपमध्ये पियानो अॅकॉर्डियनच वाजवायचे, १९५३ पासून. फक्त तुम्ही प्रश्नात नाव घेतलेली त्यांची पोल्का 'ना गोलित्सी' पहिलीच घेऊ नका, जर्मनमध्ये तिचं नावच ट्रम्पेटचा प्रतिध्वनी असं आहे, सगळी जान ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटमध्ये, एकट्या अॅकॉर्डियनवर ती पोकळ वाटते. बटणवाला वाजवणारे स्लोव्हेनियाचे लोय्झे स्लाक आवडत असतील तर मात्र बटणवालाच, ज्याला तिकडे फ्रायटोनारित्सा म्हणतात आणि ऑस्ट्रियात श्टायरिशे हार्मोनिका. माझं मत स्पष्ट आहे, पेटीवाल्याने बटणवालाच घ्यावा, कारण पेटीवाल्याला भाता येत नाही आणि पियानोवाला घेतला तर तो कधीच येणार नाही.

राग मानू नका, मीही पेटीवालीच. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं स्लोव्हेनियात क्रान्य शहराजवळच्या एका गावात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो, खाली घरमालकाचे वडील. आजोबांना तिकडे 'स्तारी आता' म्हणतात, मीही तेच म्हणायचे. तरुणपणी त्यांनी गावच्या लग्नांत आणि वेसेलित्सांत (म्हणजे आपल्या जत्रेसारखं, मांडव, खाणंपिणं, नाच) रात्र रात्र वाजवलेलं. मी त्यांच्याकडे मोठ्या आत्मविश्वासाने बटणवाला शिकायला गेले, म्हटलं सरगम येते, बोटं तयार आहेत. त्यांनी माझा उजवा हात बटणांवरून उचलून माझ्या मांडीवर ठेवला. डाव्या अंगठ्याखाली हवेचं बटण असतं, ते दाबलं की आवाज न होता नुसती हवा जाते. आठवडाभर मी फक्त तेच केलं, भाता उघड, मीट, उघड, मीट, आणि ते समोर बसून पायाने ठेका देणार. माझा पाय हलत नसला की थांबवायचे.

का ते पेटीवाल्याला लगेच कळेल. पेटीत भाता कसाही मारा, सूर तोच. इथे एकाच बटणावर दाबताना एक आणि ओढताना दुसरा. एका ओळीत दाबून सा, तेच बटण ओढून रे, पुढचं दाबून ग, ओढून म, त्यापुढचं दाबून प, ओढून ध, आणि त्यापुढच्या बटणावर एकदम उलटं, नी ओढून आणि वरचा सा दाबून. तिथे सगळे अडखळतात, मी तर महिनाभर अडखळले. डाव्या हाताचा बासही दिशेबरोबर बदलतो, म्हणून पोल्काला जो धक्का असतो तो बोटांतून येत नाही, दंडातून येतो.

आता सांगली. सुट्टीला आले तेव्हा वाद्य बरोबर आणलं, काकांना दाखवायला. काका चाळीस वर्षं भजनाला पेटी धरतायत, मला सा त्यांनीच दाखवला. त्यांनी एक बटण धरून भाता दाबला, मग ओढला, दोन वेगळे सूर आले तसे म्हणाले, "अगं, हे बिघडलंय." मी समजावलं. मग काका मधल्या ओळीत सा धरून कोमल गंधार शोधायला लागले. माझं वाद्य बे-एस-आस (म्हणजे बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट), तीन ओळी, तीन मेजर पट्ट्या, त्या सा ला कोमल गंधार मिळत नाही. परत दिलं माझ्या हातात. "अर्धे सूरच नाहीत. खेळणं आहे हे." सगळ्यांसमोर.

मला जे लागलं ते वेगळंच होतं. हेच काका लहानपणी आम्हाला सांगायचे की पेटी परदेशी, पेटीला मींड नाही, पेटीला श्रुती नाहीत म्हणून लोक कसं नाक मुरडायचे, ऑल इंडिया रेडिओने १९४० ला बंदी घातली ती १९७१ पर्यंत उठवली नाही. सांगताना त्यांचे डोळे भरायचे. ज्यांनी हे ऐकून घेतलं त्यांनी दुसऱ्याच्या वाद्याला तेच ऐकवावं? नसलेले सूर मोजून वाद्य कळत नाही. स्तारी आतांना कोमल गंधार लागलाच नाही कधी, त्यांच्या वाल्सला (तीन ठेक्यांचा नाच) तीनशे माणसं नाचली.

बाकी, वाद्याची पट्टी आधी गुरूला विचारून घ्या, त्याची आणि तुमची वेगळी असली की बरोबर वाजवता येत नाही. नोटेशन बटणं दाखवणारं मिळतं, ग्रिफश्रिफ्ट, वाईट नाही पण पहिले सहा महिने कानानेच शिका. आतल्या सुरांच्या पत्त्या (रीड) मेणाने बसवलेल्या असतात, मे महिन्यात गाडीत ठेवून जाऊ नका. मला पहिला धड वाल्स यायला सात महिने लागले, तुमची बोटं माझ्यापेक्षा तयार असतील. आणि हो, कोमल सूर तुम्हाला खरंच हवे असतील, म्हणजे त्याच वाद्यावर अभंगही वाजवायचे असतील, तर पियानोवालाच बरा, हे मला मान्य आहे.

त्या दिवशी मी काकांना वाल्स वाजवून दाखवायला हवा होता. मी नुसतं भात्याचा पट्टा लावला आणि खोक्यात ठेवून दिलं.