सत्तावन्न किलो दीडशे ग्रॅम

"मुलगा सतरा वर्षांचा आहे, ठाण्यात दोन वर्षं बॉक्सिंग शिकतोय. आता म्हणतो, बारावीनंतर शिक्षण बास, प्रोफेशनल फेदरवेट बॉक्सर व्हायचंय. हे आयुष्य असतं कसं, आणि त्यात पोट भरतं का?" हा तुमचा प्रश्न.

मी कोपरखैरण्याचा. 2016 ते 2019 या काळात सात प्रोफेशनल बाउट, म्हणजे लढती, खेळलो, सगळ्या फेदरवेटमध्ये. चार जिंकलो, तीन हरलो. मुलगा मोबाइलवर ज्यांच्या बाउट बघत बसतो त्यांच्यात मी नाही. पण या वाटेला लागलेले बहुतेक जण जिथे पोचतात तिथे मी चार वर्षं होतो, म्हणून लिहितोय.

आधी आकडा सांगतो, कारण या धंद्यात बाकी सगळं त्याच्या मागून येतं. फेदरवेट हा वजनाचा गट, म्हणजे जास्तीत जास्त 126 पौंड, आपल्या काट्यावर 57 किलो 150 ग्रॅम. त्याच्या खाली सुपर बँटम, 55.3 किलो. वर सुपर फेदर, 59 ला जरासं कमी. एका गटातून दुसऱ्यात जायला जेमतेम दोन किलो. गावाकडच्या लग्नात दोन दिवस पंगतीला बसलं तरी माणूस सुपर फेदर होतो.

माझे वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी होते. गोणी काट्यावर चढायच्या आधीच तिचं वजन सांगायचे आणि किलोभराच्या वर कधी चुकायचे नाहीत. माझी बाउट ठरली की घरात येता-जाता माझ्याकडे एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, "साठ भरतोस." मी जाऊन काट्यावर उभा राहायचो. साठ, शंभर ग्रॅम इकडे-तिकडे. आई चिडायची. "पोराला काय गोणी समजता का?"

एरवी माझं वजन चौसष्ट-पासष्ट असायचं. बाउट ठरली की आठ आठवडे मिळायचे, निदान मिळायला हवेत. पहाटे पाचला निसर्ग उद्यानाच्या बाजूने पळायचं, नऊ ते चार एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे पावत्या लिहायच्या, मग ठाणे लोकल पकडून स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीला. ठाण्याला का, तर माझ्या वजनाचा आणि माझ्या ताकदीचा जोडीदार जवळपास कुठे नव्हताच. जिममध्ये सत्तर-पंचाहत्तरची पोरं ढीगभर असतात. त्यांच्याशी रोज स्पारिंग केलं तर बाउटच्या आधीच माणूस संपतो. तुमच्या मुलाच्या जिममध्ये 55 ते 60 किलोचे किती जण आहेत आणि त्यातले किती त्याच्यापेक्षा सरस आहेत, हे एकदा जाऊन बघा. उत्तर शून्य आलं तर तो तिथे फक्त घाम गाळतोय.

आठ आठवड्यांत साताठ किलो काढायचे म्हणजे पहिले चार-पाच खाण्यावर आणि पळण्यावर निघतात. भात बंद, मग भाकरी अर्धी, मग नुसतं उकडलेलं. उरलेले अडीच-तीन शेवटच्या तीन दिवसांत पाण्याचे काढायचे, आणि खरा तमाशा तिथे असतो. मीठ आधीच सोडलेलं असतं. शेवटच्या दिवशी पाणीही बंद. प्लास्टिकचा सूट, वर दोन स्वेटर, आणि दोरी. घाम यायचा थांबला की गरम पाण्याच्या टपात बसायचं. बाहेर आलं की अंगावर टॉवेल आणि चादरी गुंडाळायच्या. तिसऱ्या बाउटच्या वजनाच्या आदल्या रात्री मी हॉटेलच्या बाथरूममध्ये फरशीवर बसून रिकाम्या बाटलीत थुंकत होतो. थुंकीसुद्धा वजनच. च्युइंगम चघळायचं, तोंडाला पाणी सुटलं की थुंकायचं. दोन तासांत बाटलीचा तळ झाकला गेला, फार तर शंभर ग्रॅम. जीभ टाळूला चिकटलेली. बाहेर टीव्हीवर कसल्यातरी सरबताची जाहिरात लागली तर माझ्या कोचने उठून टीव्हीच बंद केला.

सकाळी काट्यावर चार जणांच्या देखत कपडे काढून, पुढे टॉवेल धरून उभा राहिलो. 57.1. पन्नास ग्रॅम जास्तच काढलं म्हणून मला वाईट वाटलं, यावरून डोकं कसं चालत असतं बघा.

प्रोफेशनलमध्ये वजन आदल्या दिवशी होतं. त्यानंतर तुम्ही काय खाता-पिता याच्याशी सहसा कुणाला घेणंदेणं नसतं. ओआरएस, मग आईने थर्मासमध्ये भरून दिलेली तांदळाची पेज, मीठ घालून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिंगमध्ये उतरताना मी बासष्टच्या आसपास असायचो. समोरचाही तसाच. पोस्टरवर 57 लिहिलेली दोन्ही पोरं प्रत्यक्षात साठीच्या वरची असतात. ज्याने पाणी नीट काढलं आणि नीट भरलं त्याचे पाय सहाव्या राउंडला चालतात, दुसऱ्याचे जड होतात. डॉक्टरांचं याबाबतीत स्पष्ट म्हणणं असतं की अंग असं कोरडं करून डोक्यावर मार घेणं दुप्पट धोक्याचं. आम्ही मान डोलवायचो आणि टपात बसायचो.

आता अमॅच्युअर, म्हणजे हौशी, आणि प्रोफेशनल यांतला फरक, कारण मुलाला तो नीट कळलाय असं मला वाटत नाही. तो आत्ता खेळतो ते तीन राउंडचं. वजन बाउटच्या दिवशी सकाळी, म्हणजे फार पाणी काढून चालतच नाही. सीनियर पुरुषांचं हेडगार्ड 2013 मध्ये काढलं, पण ग्लोव्हज या वजनाला दहा औंसांचे असतात. प्रोफेशनलला या वजनाला आठ औंस. दोन औंस म्हणजे साठेक ग्रॅम, ऐकायला काहीच नाही. पहिल्या बाउटला कानशिलावर पहिला हुक, म्हणजे बाजूने येणारा ठोसा, बसला तेव्हा मला वाटलं समोरच्याने ग्लोव्हज घातलेलेच नाहीत. सुरुवात चार राउंडपासून होते, मग सहा, आठ, दहा. टायटलची बाउट बारा राउंडची, म्हणजे छत्तीस मिनिटं. पूर्वी पंधरा होते. 1982 मध्ये दक्षिण कोरियाचा किम डुक-कू लास वेगासमध्ये चौदाव्या राउंडला कोसळला आणि चार दिवसांनी गेला, तेव्हापासून ते कमी होत बारावर आले.

पण आपल्याकडे खरा फरक नोकरीचा. अमॅच्युअरमध्ये राष्ट्रीय स्तरावर पदक आलं की रेल्वे, सैन्यदल, पोलीस यांची खेळाडू म्हणून दारं उघडतात. निजामाबादच्या मोहम्मद हुसामुद्दीनचं उदाहरण मुलाला द्या, वजन हेच, 57 किलो. सैन्यदलाचा खेळाडू. 2018 आणि 2022 ला राष्ट्रकुलात ब्राँझ, 2023 ला ताश्कंदच्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ. तिथे गुडघा दुखावला म्हणून त्याला उपांत्य फेरी सोडावी लागली. पगार चालू असलेल्या माणसाचा गुडघा दुखावणं आणि बिनपगारी माणसाचा दुखावणं, या दोन वेगळ्या घटना आहेत. प्रोफेशनलला गेलं की ऑलिम्पिक कायमचं बंद असंही आता नाही. 2016 पासून मुभा आहे, आणि आपला विकास कृष्ण 2019 ला प्रोफेशनल पदार्पण करून पुन्हा टोकियोला गेलाच. पण तो आधीच दोनदा ऑलिम्पिक खेळलेला होता. आधी पदक, मग धंदा, हा क्रम उलटा करू नका.

पैशांचं विचारलंत. मला पहिल्या चार राउंडच्या बाउटचे पंधरा हजार ठरले होते. दहा टक्के कोचचे, ते योग्यच. रक्ताच्या तपासण्या, डोळ्यांची तपासणी, मेंदूचा स्कॅन, हे सगळं माझ्या खिशातून. प्रवास अर्धा माझा. आठ आठवडे अंडी, चिकन, सुका मेवा घरातून. हिशेब केला तर ती बाउट खेळायला मीच पैसे भरले होते. चौथ्या बाउटचे तर पूर्ण मिळालेच नाहीत. प्रमोटर म्हणाला तिकिटं खपली नाहीत, पुढच्या वेळी सांभाळून घेतो. पुढची वेळ आली नाही.

आणि रेकॉर्ड. लोक बघतात अमुक विजय, तमुक पराभव. हे आकडे रिंगमध्ये जितके घडतात तितकेच फोनवर घडतात. प्रत्येक कार्यक्रमात एक बाजू असते जिच्यावर पैसा लागलाय आणि दुसरी असते जिला बोलावलंय. माझ्या पहिल्या तीन बाउटमध्ये मी पहिल्या बाजूला होतो. समोर आलेल्यांपैकी एक जण आदल्या रात्री ट्रेनच्या जनरल डब्यातून आला होता, हे मला जिंकल्यानंतर कळलं. सहाव्या बाउटला तो बोलावलेला मीच होतो. बँकॉकला कुणाचा तरी प्रतिस्पर्धी आजारी पडला, नऊ दिवसांवर बाउट, वजन त्रेसष्ट. पैसे आधीपेक्षा तिप्पट, आणि पासपोर्टवर पहिला शिक्का. वडिलांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि या वेळी आकडा सांगितलाच नाही. "नको जाऊ," एवढंच म्हणाले. गेलो. काट्यावर बरोबर भरलो आणि तिसऱ्या राउंडला पडलो.

राउंडच्या मधल्या त्या एका मिनिटाचं मला आजही आठवतं. स्टुलावर बसलो की कोच तोंडातून गमशिल्ड काढायचा, बाटलीतून एक घोट, गिळायचा नाही, थुंकायचा. डोळ्याखाली फ्रीझरमधल्यासारखा गार लोखंडी तुकडा दाबायचा, भुवईवर व्हॅसलीन चोपडायचा, आणि एकच वाक्य बोलायचा. दोन बोलला तर डोक्यात शिरत नाही. दुसऱ्या राउंडनंतर बँकॉकला तो म्हणाला, "पाय हलत नाहीयेत रे तुझे." मला ते माहीत होतं. नऊ दिवसांत सहा किलो काढल्यावर पाय कुठून हलणार?

अशा ऐनवेळी बोलावलेल्या पोरांतून कधीतरी मोठा माणूसही निघतो, हे खरं आहे. जुलै 1982 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला मेक्सिकोच्या साल्वादोर सांचेझसमोर ठरलेला बॉक्सर जखमी झाला म्हणून घानाचा अझुमा नेल्सन आणला गेला. अमेरिकेत कुणी ओळखत नव्हतं. जगातल्या सर्वांत चांगल्या फेदरवेटपुढे तो पंधराव्या राउंडपर्यंत टिकला, आणि 1984 अखेर स्वतः फेदरवेटचा विश्वविजेता झाला. सांचेझ त्या बाउटनंतर महिन्याच्या आत पोर्शे गाडीच्या अपघातात गेला, तेविसाव्या वर्षी. 46 बाउट, एकच पराभव. मुलाने कुणाचं बघायचंच असेल तर सांचेझचं बघावं. घाई नाही, पाय कायम जागच्या जागी, समोरच्याला चुकवून तेवढ्यात मारायचं. ब्रिटनच्या फेदरवेट नसीम हमीदसारखं हात खाली सोडून नाचायला सगळ्यांनाच आवडतं. पण 2001 ला मेक्सिकोच्या मार्को अँटोनियो बरेराने त्याला बारा राउंड साध्या जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशावर, फिरवला आणि त्यानंतर हमीद एकच बाउट खेळला.

आणि अमेरिकेचा जुना फेदरवेट विश्वविजेता विली पेप. 241 बाउट, 229 विजय. जानेवारी 1947 मध्ये विमान कोसळलं, पाय मोडला, पाठीला मार, आणि हा माणूस पाचेक महिन्यांत पुन्हा रिंगमध्ये. ही गोष्ट मुलाला सांगू नका. तो लगेच म्हणेल, बघा!

माझं कसं संपलं विचाराल तर काही नाट्यमय नाही. बँकॉकनंतर एक जिंकलो. आठवी बाउट 2020 च्या एप्रिलमध्ये ठरली होती, मार्चमध्ये लॉकडाउन लागला. चार महिने घरी. वजन अडुसष्टवर गेलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तीन वेळा पोटभर जेवलो. जिम उघडली तेव्हा मी अठ्ठावीसचा होतो, उजव्या हाताच्या करंगळीमागचं हाड दोनदा मोडून जुळलेलं, आणि 57 चा आकडा आठवला की घसा कोरडा पडायचा. आता दिवसा मार्केटातच एका गाळ्यावर हिशेब लिहितो आणि संध्याकाळी पोरांना शिकवतो. थंडीत उजवी मूठ अजून पूर्ण मिटत नाही.

पस्तावलो का? नाही. पण बारावी झाल्यावर शिक्षण सोडलं त्याचा पस्तावा आहे. माझ्याबरोबरचा एक जण रात्रीच्या कॉलेजात जायचा, आम्ही त्याला हसायचो. तो आज रेल्वेत आहे.

तर मुलाला वीस-एकवीसपर्यंत अमॅच्युअरच खेळू द्या, कॉलेज चालू ठेवून. वजन उतरवायला आत्ता अजिबात सांगू नका, कोच सांगत असेल तर कोच बदला. वाढीचं वय आहे, दोन वर्षांत तो फेदरवेट राहीलच असं नाही. डोक्याला मार बसून चक्कर, उलटी, दिवा बघवत नाही असं काही झालं तर "काही नाही हो" ऐकून घेऊ नका, थेट डॉक्टरकडे. आणि सकाळी उठल्यावर, संडासला जाऊन आल्यानंतर, काही न खाता त्याचं वजन किती भरतं ते आठवडाभर लिहून ठेवा. ते सात आकडे आणि उंची इथे लिहा. या वाढीच्या वयातच चौसष्टच्या वर असेल तर तो फेदरवेटचा नाहीच, आणि मग आपण वेगळं बोलू.