कवीनं काहीही लिहायचं आणि आपण गप ऐकून घ्यायचं का?

तुम्ही विचारलंय की एखादा कवी थोर माणसांबद्दल, नेत्यांबद्दल वाट्टेल ते लिहितो, मग त्याच्यावर केस टाकली, कार्यक्रम बंद पाडला तर बिघडलं कुठं. मी लातूरचा, जन्म बँकेत गेला, म्हणून आधी आमच्याच गावचं सांगतो.

वसंत दत्तात्रेय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ ला बँकवाल्यांच्या संघटनेच्या एका अंकात छापून आली. अंक काही स्टॉलवर विकायला नव्हता, सभासदांपुरताच. तक्रार झाली पुण्यात, गुन्हा नोंदला लातूरला आणि पोलीस स्टेशन कोणतं म्हणाल तर गांधी चौक! कवितेत गांधी कवीला कुठंकुठं भेटतो, शेवटी इथं भेटला म्हणायचं. पहिल्यांदा कलम लावलं १५३-अ, म्हणजे समाजात तेढ लावली, नंतर त्यात २९२ घातलं, म्हणजे अश्लील. २००१ ला कोर्टानं तेढीचं काढून टाकलं पण अश्लीलतेचं ठेवलं, मग औरंगाबाद खंडपीठ, मग दिल्ली, आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल आला १४ मे २०१५ ला. एका कवितेपायी एकवीस वर्षं हो! त्यात पण जे छापणारे होते ते सुटले कारण त्यांनी तेव्हाच माफी मागितली होती, आणि कवीला सांगितलं की तुझा खटला चालणार. म्हणजे पोरांनी यातून काय शिकायचं, तर लिहायचं कसं ते नंतर बघू, आधी माफीचा मसुदा तयार ठेवा.

कोर्टाचं म्हणणं होतं की आदरणीय माणसाच्या तोंडी अश्लील शब्द घालता येणार नाहीत. मला हे पटत नाही. आदरणीय कोण हे उद्या कोण ठरवणार, ज्याची सत्ता तोच ना? आणि गांधींना तरी हे चाललं असतं का? १९२२ ला त्यांना स्वतःला लेख लिहिल्याबद्दल राजद्रोहात सहा वर्षं ठोकली, तेव्हा त्यांनीच कोर्टात सांगितलं की प्रेम कायद्यानं निर्माण करता येत नाही. मला ती कविता काही फार आवडत नाही, खरं सांगतो, दोनदा वाचली तरी अर्धी डोक्यावरून गेली. पण नावडणं आणि तारखांना फिरवणं यात फरक आहे की नाही? पटली नाही तर तुम्ही दुसरी लिहा, शिव्या देऊन लिहा.

शिव्यांवरून आठवलं, आमची आजी गंगाखेडकडची. पहाटं जात्यावर बसली की जनाबाईचं म्हणायची, अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या, आणि पुढं तुझी रांड रंडकी झाली, तुझं गेलं मढं. साक्षात विठ्ठलाला! आम्ही पोरं वाकळंतून ऐकून हसायचो तर म्हणायची, हसता काय, आपल्या माणसाला बोलायलीय ती. 'डोईचा पदर आला खांद्यावरी' पण तिचंच, त्यात शेवटी ती स्वतःला येसवा म्हणते, म्हणजे वेश्या. आज एखाद्या पोरीनं असं फेसबुकवर टाकलं तर संध्याकाळपर्यंत भावना दुखावलेल्यांची रांग लागंल पोलीस स्टेशनला.

मर्यादा नाहीच असं मी म्हणत नाही. अमक्याची वस्ती जाळा म्हणला तर ती कविता नाही. पण नेत्याला राग आला ही काही मर्यादा नव्हं.

आता माझं एक सांगतो. आमच्या भागातल्या एका तालुक्याला गणपतीत कविसंमेलन होतं, स्पॉन्सर तिथले एक पुढारी, पहिल्या रांगेत सोफ्यावर. मी सूत्रसंचालक. एक शेतकरी पोरगा पीकविम्यावर वाचायला लागला, सोयाबीन भिजलं आणि साहेबांचा फोटो मात्र बॅनरवर कोरडाच, असं काहीतरी होतं. पब्लिकनं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात कुणीतरी माईकवाल्याला खुणावलं, त्यानं अँप्लिफायरचं बटण फिरवलं, पोराचे ओठ हलायलेत पण आवाज नाही. त्याला वाटलं लाईट गेली, त्यानं वर फोकसकडं बघितलं तर फोकस चालूच. माझ्या हातात दुसरा माईक होता, तो चालू होता. मी तो त्याला द्यायला पाहिजे होता, पण मी काय केलं तर "तांत्रिक अडचणीमुळं" म्हणून पुढच्या कवीचं नाव पुकारलं. केस नाही, बंदी नाही, कुठं कागद नाही. नंतर चहा, बालूशाही, शाल-नारळ सगळं झालं.

दोन वर्षांनी त्याच पोराला दुसऱ्या एका कार्यक्रमाला मीच बोलावलं. स्टेजवर जायच्या आधी तो बाजूला आला, हातात वही, मला हळूच म्हणला, "सर, आईवरची वाचतो, चालंल ना?"