सकाळची टिकटिक आधी ऐक

भाऊ, गाडीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या पाइपाचं) गॅस्केट, म्हणजे जोडातली फट बंद करणारी पातळ पट्टी, मागवायच्या आधी एक काम कर. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू कर, बॉनेट उघड आणि कान दे. टिकटिक येते आणि इंजिन तापल्यावर कमी होते? मग बहुतेक एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलंय. लोखंड तापून फुगतं, फट मिटते, म्हणून आवाज दबतो. जोडावर काजळीचा काळा पट्टा दिसला तर शंकाच नको. हे अंगावर काढू नकोस. फटीतून निघणाऱ्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात आपण काचा बंद करून एसी लावून फिरतो.

काम थंड इंजिनावरच, पहाटे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. नटांवर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मार. नट हलत नसेल तर जोर लावू नकोस, थोडा मागे थोडा पुढे फिरव. माझा एक स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) हेडमध्येच, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातच, तुटला होता. तो ड्रिल करून काढण्यात अख्खा रविवार गेला.

मॅनिफोल्ड काढून जुन्या गॅस्केटचा थर खरवडून काढ, पण अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर ओरखडा नको. मग मॅनिफोल्डवर सरळ पट्टी उभी धर. खालून उजेड दिसला तर तो वाकलाय, आधी फेसिंग करून घे, म्हणजे मशीनवर सपाट करून घे, नाहीतर नवं गॅस्केटही जाईल. जुनं परत लावायचं नाही. नट मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत, गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळायच्या जोराच्या मापानेच) आवळ.