डाळिंबी इरकल नेसू का?

प्रश्न : मी ६३ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. वेंगुर्ला तालुक्यात राहते. मिस्टर जाऊन चार वर्षं झाली. नोकरीत असताना फिकट साड्याच नेसत होते, ते गेल्यावर उरलेसुरले रंगही सुटले. यंदा दिवाळीला पेन्शनच्या पैशातून स्वतःसाठी डाळिंबी रंगाची इरकल घेतली. घरी नेसून बघत होते, तेवढ्यात थोरल्या जाऊबाई आल्या. म्हणाल्या, "आता ह्या वयात कोणाक दाखवूक नटतंस गो?" मुलगा म्हणाला, "आई, तुला साधंच बरं दिसतं." साडी घडी करून कपाटात ठेवली. मार्चअखेरीस धाकट्या दिराच्या मुलीचं लग्न आहे. त्या दिवशी ती इरकल नेसावी, केसांत सुरंगीचा वळेसर माळावा असं फार मनात आहे. जाऊबाई ६६ वर्षांच्या, त्या लाल पैठणी नेसणार आहेत. मला या वयात शोभेल का? आणि केस रंगवून घेऊ का?

उत्तर : ताई, शोभेल. नेसा, आणि वळेसरही माळा.

आता जरा तुमच्या पत्राकडे वळते. तुम्ही वयाची चिंता लिहिलीत, पण तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या जाऊबाईंच्या लाल पैठणीला घरात कोणी हरकत घेतलेली दिसत नाही. म्हणजे अडचण वयाची नाहीच. त्यांचा नवरा हयात आहे, तुमचा नाही, एवढाच फरक आहे. हे स्पष्ट बोलायला घरातल्या कोणाची जीभ रेटत नाही, म्हणून वयाचं नाव पुढे केलं जातं. हे लिहिताना मला त्रास होतोय, तुम्हालाही वाचताना होईल. पण हे एकदा नीट ओळखलंत की "मी म्हातारी दिसते का, मला शोभतं का" हा आरशासमोरचा छळ थांबेल. तुमच्यात काही खोट नाही.

कोकणाला हा विषय नवा नाही. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे. त्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. मुलाशी बोलाल तेव्हा हे त्याच्या कानावर घाला. तुमचा मुलगा दुष्ट नाही हो. आईला कोणी बोलू नये म्हणून तो तुम्हाला आधीच गप्प करतोय. त्याला एवढंच विचारा, "मला हा रंग आवडतो, तू माझ्या बाजूने उभा राहशील का?" त्याच्या परवानगीची तुम्हाला गरज नाही. सोबत मात्र हवी आहे, आणि ती मागण्यात कमीपणा कसला?

जाऊबाईंशी वाद घालू नका. त्यांनी सासूला, आतेसासूला तसंच बघितलंय. पुन्हा विचारलं तर त्यांच्याच बोलीत, शांतपणे सांगा, "माका बरां वाटता म्हणान." त्याच्यापुढे एक शब्द नको. कारणं देत बसलं की समोरच्याला ती खोडून काढायला वाव मिळतो.

धाकट्या जावेशी मात्र लग्नाआधी बोलून घ्या. हळद लावताना, ओटी भरताना तुम्हाला मागच्या ओळीत बसवलं तर डाळिंबी साडीसुद्धा अंगावर जड होईल. "मुलीला हळद मी लावणार" हे तिच्या आईकडून आधीच ठरवून घेतलंत, तर आयत्या वेळी मांडवात कोणाला काही बोलायची सोय राहत नाही.

माझा दुसरा आग्रह. ती साडी लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा नेसू नका. चार वर्षांनी एकदम सगळ्या गावासमोर रंगात गेलात तर दिवसभर तुमचं लक्ष लोकांच्या डोळ्यांकडे राहील. त्याआधी बाजारात जाताना नेसा, बँकेत पेन्शन काढायला जाताना नेसा, देवळात जाताना नेसा. चर्चा व्हायची ती फेब्रुवारीतच होऊन जाईल आणि लग्नापर्यंत शिळी होईल. शिवाय सुती इरकल नवी असताना फुगते, निऱ्या पोटाशी उभ्या राहतात. दोन-तीनदा धुतली की अंगासरशी बसते. बाजारात गेलात की मासळी विकायला बसलेल्या वयस्क बायकांकडे बघा. हिरवी-जांभळी लुगडी, अंबाड्यात फुलं, आणि भाव करताना आवाज कसा खणखणीत! त्यांच्यातही नवरा गेलेल्या असतीलच. आपल्या या किनाऱ्यावर रंग कधीच फक्त तरुणांचे नव्हते.

इरकलीचा लाल टोपपदर मुळातच ठसठशीत असतो, त्यामुळे दागिने थोडे पुरतील. कुड्या आणि एखादी बोरमाळ. मंगळसूत्र, कुंकू हे सर्वस्वी तुमचं. घालावंसं वाटलं तर घाला, नको वाटलं तर नको. रंग नेसला म्हणून तेही घातलंच पाहिजे असं नाही. नाहीतर एक सक्ती जाऊन दुसरी यायची.

ब्लाऊजकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण साठीनंतर कपडा सुखाचा असणं ही अर्धी लढाई असते. जुन्या मापावर शिवू नका, नव्याने माप द्या. खांदा आखडत असेल तर हूक पुढून घ्या, बाही कोपरापर्यंत, काखेत जरा सैल, आणि आत सुती अस्तर. मार्चच्या घामात सिंथेटिक अस्तर अंगाला चिकटून जीव नकोसा होतो. शिंप्याला साधे लोखंडी हूक लावू देऊ नका. आपल्या खाऱ्या हवेत ते एका पावसाळ्यात गंजतात आणि कापडावर तांबूस डाग पडतो, तो निघत नाही. पितळी हूक किंवा बटणं सांगा. परकराला बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी लावून घ्या. वयाबरोबर त्वचा पातळ होते, करकचून बांधलेली नाडी कमरेला कातते. तिथे कधी न भरणारी जखम झालीच तर डॉक्टरांना दाखवा, लाजू नका. साडी घोट्याच्या वर बोटभर नेसा, म्हणजे मांडवातल्या पायऱ्या चढताना ती पायात येणार नाही.

केसांचं तुमच्यावर सोपवते. मला विचाराल तर पांढऱ्या केसांवर सुरंगीचा पिवळा फार गोड दिसतो. तरी रंगवायचेच असतील तर लग्नाच्या तोंडावर पहिला प्रयोग करू नका. कानामागे थोडा रंग लावून ४८ तास वाट पाहा. खाज, पुरळ, सूज यातलं काहीही आलं तर तो रंग डोक्याला लावायचाच नाही.

सुरंगीचा बहर जेमतेम फेब्रुवारी ते एप्रिल. लग्न बरोबर हंगामात पडतंय, पण लग्नसराईत वळेसर हातोहात जातात, तेव्हा फुलवालीला आठवडाभर आधी सांगून ठेवा. दोन मागवा, एक नवरीसाठी. आणि ब्लाऊजचं कापड याच आठवड्यात शिंप्याकडे टाका. फेब्रुवारी उजाडला की तो कोणाचं ऐकत नाही.