आईचे पैसे पोस्टात

तुमच्या चार पानी पत्राचा सारांश इतर वाचकांसाठी आधी सांगते. तुम्ही 42 वर्षांचे आहात, मुंबईतील एका खासगी बँकेच्या प्रायव्हेट बँकिंग विभागात, म्हणजे श्रीमंत ग्राहकांचे पैसे गुंतवणाऱ्या विभागात, 16 वर्षे काम करून वरिष्ठ पदावर पोहोचला आहात आणि सुमारे 300 कोटींची गुंतवणूक सांभाळता. दुसऱ्या बँकेने दीडपट पगार आणि मोठे पद देऊ केले आहे. मात्र पहिल्या वर्षातच निम्मे ग्राहक सोबत आणावेत, अशी तिची अपेक्षा आहे. ज्या साहेबांनी घडवले त्यांना सोडून जाणे कृतघ्नपणाचे ठरेल का, असे तुम्ही विचारता.

साहेब स्वतःच दोन बँका बदलून इथवर आले आहेत, हे तुम्हीच लिहिले आहे, त्यामुळे त्यांची चिंता मी करणार नाही. मला थांबवले ते तिसऱ्या पानावरच्या एका वाक्याने. घरखर्चाचा हिशेब मांडता मांडता तुम्ही लिहून गेलात: ‘आईची काळजी नाही, तिचे 30 लाख मी पोस्टात ठेवले आहेत.’

30 लाख म्हणजे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची कमाल मर्यादा. 2023 च्या एप्रिलमध्ये ती 15 लाखांवरून दुप्पट झाली आणि व्याजदर 8.2 टक्के झाला. पाच वर्षांची मुदत, दर तिमाहीला व्याज आणि पाठीशी केंद्र सरकार. आईसाठी तुम्ही ही मर्यादा काठोकाठ वापरलीत, याचा अर्थ म्हाताऱ्या माणसाच्या पैशाला काय लागते हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे. आणि पुढच्याच पानावर, ग्राहकांचा तुमच्यावर किती विश्वास आहे याचा दाखला म्हणून, तुम्ही नाशिकच्या एका 67 वर्षांच्या निवृत्त प्राध्यापिकांविषयी लिहिता. वडिलोपार्जित जमीन विकून त्यांना आलेल्या पैशांतून, वर्षाला 20 लाखांचा हप्ता पाच वर्षे भरायची विमा पॉलिसी तुम्ही त्यांना घ्यायला लावलीत. ती तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या हाती पडली आणि तुमचे तिमाहीचे टार्गेट पूर्ण झाले. त्या एकट्या राहतात आणि त्यांच्यावर कोणीही अवलंबून नाही. अशा बाईंना आयुर्विमा कशासाठी हवा होता? पहिल्या हप्त्यावर बँकेला जे कमिशन मिळाले ते पोस्टाच्या योजनेतून मिळाले नसते, एवढेच त्याचे कारण आहे.

मला तुमचा राग आला आहे आणि तो लपवावासा वाटत नाही. ज्याला समजत नाही त्याला शिकवता येते, तुम्हाला समजते. 2020 च्या मार्चमध्ये येस बँकेच्या सुमारे 8,400 कोटींच्या एटी-1 रोख्यांचे, म्हणजे बँक अडचणीत आली तर ज्यांतले पैसे बुडू शकतात अशा रोख्यांचे, मूल्य शून्य करण्यात आले, तेव्हा तुम्ही याच व्यवसायात होता. मुदत ठेवीसारखेच सुरक्षित पण व्याज जास्त, असे सांगून ते निवृत्त माणसांच्या गळ्यात मारल्याच्या तक्रारी झाल्या, 2021 मध्ये शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने बँकेला 25 कोटींचा दंड ठोठावला आणि प्रकरण वर्षानुवर्षे कोर्टात राहिले. त्यांतल्या कित्येकांनी सही केली होती ती केवळ आपल्या रिलेशनशिप मॅनेजरच्या शब्दावर.

नव्या बँकेला काहीही कळवण्यापूर्वी तुम्ही नाशिकला जा. आयुर्विम्याची पॉलिसी हाती पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क यांचा खर्च वजा करून पैसे मिळतात. तुमच्याच हिशेबाने जेमतेम आठवडा उरला आहे. हे फोनवर उरकू नका. समोर बसून त्यांना सांगा की ही पॉलिसी मी माझ्या आईला कधीच दिली नसती, आणि कमिशन किती होते तेही सांगा. परतीचा अर्ज स्वतः लिहा, त्यांची सही घ्या. पैसे आल्यावर त्यांत जमिनीच्या उरलेल्या पैशांतली भर घालून 30 लाख तुमच्या आईच्या योजनेत ठेवण्याचा फॉर्मही तुम्हीच भरून द्या, आणि बाकीच्या रकमेसाठी त्यांना सेबीकडे नोंदणी असलेल्या, फक्त फी घेणाऱ्या सल्लागाराकडे पाठवा. तुमचे टार्गेट हुकेल, बोनस कमी होईल, नव्या बँकेला दाखवायचा आकडा खाली येईल आणि बाई कदाचित तुमच्याकडचे सगळे पैसे काढून घेतील. त्यांना तो अधिकार आहे.

शनिवारी पहाटे निघालात तर दुपारपर्यंत अर्ज तयार होईल. सोमवारी तो विमा कंपनीच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्या आणि शिक्क्याची पोच बाईंच्या पत्त्यावर पाठवा.